पोशाख तोच, माणूस तोच का? जुनी सुपरहिरो कॉमिक्स पुन्हा वाचण्याची रीत

जुन्या कॉमिक्सचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच निकाल लागतात. 'तेव्हाची मजा आता नाही राहिली' हा एक, आणि 'आता वाचवत नाही बुवा' हा दुसरा. दोन्ही निकाल गठ्ठ्याची सुतळी न सोडताच दिलेले असतात. माळ्यावरची ट्रंक खाली घेऊन ते अंक खरोखर पुन्हा वाचले, तर वेगळंच काही दिसायला लागतं. स्पायडरमॅन तोच, बॅटमन तोच, पण लेखक बदलला की आतला माणूस बदललेला. काही लेखकांना तो माणूस ठाऊक होता. काहींनी स्नेहसंमेलनासाठी ड्रेपरीवाल्याकडून जिरेटोप आणावा तसा नुसता पोशाख भाड्याने आणला आणि आपलं नाटक उरकून घेतलं.

हा फरक ओळखायचा कसा, ते इथे सांगतो आहे. सामान थोडंच लागतं: निवडक अंक, एक वही, पेन्सिल आणि खुणेसाठी कागदाच्या पट्ट्या.

आधी गठ्ठा बांधा, तोही लहान

सगळं काढून बसलात तर दुसऱ्या दिवशी सगळं परत माळ्यावर जाईल. एक पात्र ठरवा आणि त्यावर एकाच लेखकाने सलग लिहिलेले सहा ते बारा अंक घ्या. सुटे, गाजलेले अंक गोळा करण्यापेक्षा हे बरं. गाजणार म्हणून लिहिलेल्या अंकात सगळेच जीव ओततात. लेखकाला पात्र किती कळलंय ते साध्या, महिन्याच्या रतिबाच्या अंकांत उघडं पडतं.

घरी काही नसेल तर मुंबईत गठ्ठा जमवणं हा अर्धा आनंद आहे. फोर्टात हुतात्मा चौकापासून चर्चगेटकडे जाणारे पदपथ, माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी बसणारे जुन्या पुस्तकांचे विक्रेते आणि गल्लीतला रद्दीवाला, यांना 'कॉमिक्स आली तर बाजूला ठेवा' म्हणून सांगून ठेवावं. अडचण एवढीच की पदपथावर नेहमी दुसरा भाग सापडतो, पहिला सापडत नाही. अमेरिकन मासिकं क्रमशः चालतात. मधला अंक गाळून वाचलं की पात्र एकाएकी विचित्र वागल्यासारखं वाटतं आणि आपण लेखकाला उगाच बोल लावतो. अशा वेळी तेवढ्या भागापुरती संकलित आवृत्ती किंवा डिजिटल प्रत घ्यावी. मात्र संकलित आवृत्तीत वाचकांची पत्रं आणि जाहिराती बहुधा गाळलेल्या असतात, आणि वर्तमानपत्री कागदासाठी ठरवलेले रंग गुळगुळीत कागदावर डोळ्यांत घुसतात. त्यावरून मूळ अंक भडक होता असं समजू नका.

नवख्याने सुरुवात इंद्रजाल कॉमिक्सपासून करावी असं माझं मत आहे. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) गोष्टीने ती मालिका सुरू केली, १९९० पर्यंत चालवली आणि मराठीतही काढली. गोष्ट बहुतेक वेळा एका अंकात संपते, त्यामुळे हरवलेल्या भागाची डोकेदुखी कमी.

जपणुकीचं थोडक्यात. मुंबईची दमट हवा आणि वर्तमानपत्री कागद यांचं वाकडं आहे. कागद पिवळा पडून तुटतो, पिना गंजतात. अंक उभे न ठेवता आडवे ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात ट्रंक भिंतीला चिकटवू नका. चिकट खुणा जुन्या कागदावर लावायच्या नाहीत. पट्ट्या त्यासाठीच.

नाव कोणाचं छापलंय आणि काम कोणाचं

'लेखकाने पात्राची वाट लावली' म्हणण्याआधी लेखक म्हणजे नेमकं कोण, हे पाहावं लागतं. साठच्या दशकातल्या मार्व्हलमध्ये बऱ्याचदा पूर्ण पटकथा लिहिलीच जात नसे. कथासूत्र थोडक्यात ठरे, चित्रकार पानं रचून काढी आणि तयार चित्रांवर नंतर संवाद चढत. म्हणजे पात्र कुठे थबकलं, कुठे मागे वळलं, कुठल्या क्षणाला अख्खं पान मिळालं, हे चित्रकाराने ठरवलेलं. 'अमेझिंग स्पायडरमॅन'मध्ये १९६५ पासून कथानकाचं श्रेय चित्रकार स्टीव्ह डिट्कोला छापलेलंच आहे. शब्द स्टॅन लीचे. बॅटमनच्या बाबतीत तर बॉब केनच्या जोडीला बिल फिंगरचं नाव निर्माता म्हणून यायला २०१५ उजाडावं लागलं, आणि पात्र जन्मलं होतं १९३९ मध्ये.

इंद्रजाल वाचताना आणखी एक भान ठेवा. ली फॉकचा वेताळ मुळात वर्तमानपत्रातली रोजची तीन-चार चौकटींची पट्टी. ती अंकाच्या पानांत बसवताना चौकटींची काटछाट झाली आणि वर भाषांतराचा हात फिरला. म्हणून भाषांतरित अंकात पात्र काय बोलतं यावर निकाल देऊ नये; काय करतं यावर द्यावा.

आठवण आधी कागदावर उतरवा

अंक उघडण्यापूर्वी वहीचं एक पान घ्या आणि त्या पात्राबद्दल जे 'पक्कं माहीत' आहे ते लिहा. तो कोण, काय कधीच करणार नाही, त्याचं ते प्रसिद्ध वाक्य कोणतं, ते कोण म्हणालं. मग अंक उघडून ताडून पाहा.

स्पायडरमॅन घ्या. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे त्याला बेनकाकांनी सांगितलं असं शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सगळे सांगतील. ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी'च्या १५ व्या अंकात बेनकाका असं काही बोलतच नाहीत. शेवटच्या चौकटीत पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, मान खाली घालून अंधाऱ्या रस्त्याने चाललाय आणि ते वाक्य निवेदकाच्या तोंडी आहे. फरक बारीक वाटतो, पण आहे मोठा. मूळ गोष्टीत पीटरला हा धडा कोणी आयता दिलेला नाही. चोर समोरून पळाला तेव्हा त्याने अडवलं नाही, त्याच चोराने काकांना मारलं, आणि त्यातून त्याचं तो शिकला. पुढच्या लेखकांनी वाक्य काकांच्या तोंडी घातलं तेव्हा पीटर काकांचा शब्द पाळणारा मुलगा झाला. वाईट झालं असं नाही, पण मुलगा दुसरा झाला.

बॅटमन जीव घेत नाही, हेही असंच 'पक्कं माहीत' असलेलं. १९३९ च्या पहिल्याच गोष्टीत तो गुन्हेगाराला ठोसा देऊन आम्लाच्या पिंपात पाडतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. १९४० च्या 'बॅटमन'च्या पहिल्या अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादकांनी हत्यार काढून घेतलं आणि न मारण्याचा नियम रुजला. म्हणजे ज्याला आपण त्याच्या स्वभावाचा पाया म्हणतो तो नंतर घातलेला आहे, आणि पायाच्या आधीच्या इमारतीपेक्षा तो मजबूत आहे.

म्हणून 'मुळात असं नव्हतं' हा युक्तिवाद वहीत लिहायचा नाही. तो दोन्ही बाजूंनी चालतो आणि काहीच सिद्ध करत नाही.

पहिलं वाचन विनाखुणेचं

सलग वाचा. ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर दादर ते बोरिवलीत इंद्रजालचा अंक आरामात होतो. पेन्सिल दप्तरातच राहू द्या. फक्त वर्तमानपत्री पट्टीवरून केलेला अंक असेल तर एक सवलत द्या: दर तीन-चार चौकटींनी कालची गोष्ट पुन्हा सांगितली जाते, कारण ती रोज सकाळी चहाबरोबर वाचायला लिहिलेली होती. त्याला पाल्हाळ म्हणू नका.

दुसरं वाचन: निर्णय शोधा

सगळा लेख इथे आहे, बाकीचं आजूबाजूचं.

दुसऱ्या वाचनात मारामारीची पानं ओलांडा आणि एकच गोष्ट हुडका: पात्राने निर्णय कुठे घेतला? त्या पानात पट्टी घाला. वहीत तीन ओळी लिहा. काय ठरवलं, दुसरं काय करता आलं असतं, आणि त्याची किंमत कोणी मोजली. मग मुखवटा बदलून पाहा. त्या जागी दुसरा नायक उभा केला तरी गोष्ट जशीच्या तशी चालते का? चालत असेल तर पोशाख भाड्याचा.

वेताळ तस्करांना धोपटतो अशा गोष्टी ढिगाने आहेत. त्या जागी इंद्रजालचाच बहादूर घाला, जादूगार मँड्रेक घाला, काही अडत नाही. पण वेताळ हा चारशे वर्षांच्या वंशातला एकविसावा मर्त्य माणूस आहे आणि जंगलाला तो अमर वाटतो. तो जखमी झालाय, आणि जखम दिसली तर पिढ्यान्‌पिढ्यांचा दरारा संपेल, अशी गोष्ट निघाली की तिथे दुसरा कोणी उभा करून दाखवा. जमणार नाही. त्या दिवशी फॉक कामावर होता असं समजावं.

याचा सर्वांत देखणा नमुना मला 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या ३३ व्या अंकात दिसतो, फेब्रुवारी १९६६. डॉक्टर ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या अड्ड्यात स्पायडरमॅन एका अवाढव्य यंत्राखाली चिरडून पडलाय. वरून पाणी गळतंय. समोर, हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर, पीटरच्या मेकाकूला वाचवू शकणारं औषध पडलंय. त्याच्याच रक्तातल्या किरणोत्सारामुळे ती मरणाच्या दारात आहे. डिट्को इथे घाई करत नाही. एक प्रयत्न फसतो, मग दुसरा. काकांचा चेहरा मनात येतो. एकदा एका माणसाला आपण वाचवलं नाही, आता दुसऱ्याला तसंच जाऊ द्यायचं का. यंत्र तसूतसूने हलतं, चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी अख्खं पान भरून तो यंत्र झुगारून देतो. कोणी पाहत नाही. टाळ्या नाहीत. इथे सुपरमॅन असता तर पहिल्या चौकटीत यंत्र उडालं असतं आणि गोष्टच उरली नसती. हल्कनेही ते फेकलं असतं, पण त्याला फेकायला अपराधीपण लागलं नसतं. प्रश्न ताकदीचा नाहीच, आणि हे डिट्कोला ठाऊक होतं.

खलनायकालाही हीच कसोटी लावा, तिथे ती जास्त बोलकी ठरते. १९६४ च्या 'एक्स-मेन'मध्ये मॅग्नेटो आपल्या टोळीच्या नावातच 'दुष्ट' हा शब्द घालतो. इतका प्रामाणिक खलनायक निवडणुकीलासुद्धा उभा राहू शकणार नाही. त्याला जग जिंकायचंय, का ते विचारायचं नाही. क्रिस क्लेअरमाँटने ऑक्टोबर १९८१ च्या १५० व्या अंकात याच माणसाला हात घातला. मॅग्नेटो अण्वस्त्रं टाकून द्या म्हणून जगाला धमकावतो, सोव्हिएत पाणबुडी बुडवतो आणि लढाईत किटी प्राइड या कोवळ्या मुलीला जवळजवळ ठार करतो. तिला उचलून धरताना त्याला कळतं की आपण काय होऊन बसलोय. त्याच अंकात उलगडतं की त्याचं कुटुंब आउशवित्झच्या छळछावणीत मारलं गेलं. आता इथे जपून वाचायचं. दुःखद भूतकाळ चिकटवून खलनायक गोड करणं ही कॉमिक्सवाल्यांची जुनी खोड आहे. क्लेअरमाँटचं तसं होत नाही, कारण नवा भूतकाळ जुन्या कृत्यांना माफी देत नाही, त्यांना कारण देतो. जुने अंक पुन्हा उघडा. तोच माणूस आता जास्त भीतिदायक वाटतो. नवी भर घातल्यावर मागचे अंक अधिक खोल होतात की खोटे पडतात, हे प्रत्येक बदलाला विचारायचं.

आपल्याकडचा बहादूर या कसोटीवर चांगला उतरतो. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी लिहिला, गोविंद ब्रह्माणियांनी काढला. (हेच सुरती पुढे मीरा रोडला घरोघरी गळके नळ दुरुस्त करत फिरले.) बहादूरचा बाप दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीने मेलेला. मुलाला सूड घ्यायचाय, आणि मग बापाचं खरं रूप समजल्यावर तो उलट दरोडेखोरांविरुद्ध गावकऱ्यांचं दल उभं करतो. त्याच्याकडे शक्ती नाही, मुखवटा नाही. निर्णय मात्र आहे, आणि तो बापाच्या विरुद्ध घेतलेला आहे. पुढच्या कुठल्याही अंकात बहादूर डाकूंना नुसता बडवत असेल तर लेखक हे विसरलाय असं समजायचं.

निर्णय कोणाचाच नसला की काय होतं, त्याला १९८८ ची बॅटमनची 'अ डेथ इन द फॅमिली' पाहा. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा यावर वाचकांचं फोनवर मतदान घेतलं गेलं. मारण्याच्या बाजूने ५,३४३, वाचवण्याच्या बाजूने ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला. जिम स्टार्लिनची गोष्ट तशी वाचनीय आहे, पण मृत्यूच्या पानाला पट्टी घालायला गेलात तर वहीतल्या तिन्ही ओळी कोऱ्या राहतात.

नायकाकडे पाठ करून वाचा

तिसरं वाचन फक्त शेजारच्या पात्रांसाठी. नायकाशी चुकीचं वागायला लेखक घाबरतो, त्याला वाचकांची पत्रं येतात. मैत्रीण, सहायक, म्हातारी काकू यांच्याशी तो कसा वागतो यात त्याचा खरा हात दिसतो.

जून १९७३ चा 'अमेझिंग स्पायडरमॅन' अंक १२१ आणि त्याच्या पुढचा १२२, लेखक गेरी कॉनवे, चित्रं गिल केनची. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली टाकतो, स्पायडरमॅनचं जाळं तिला पकडतं, आणि तिच्या मानेपाशी छोट्या अक्षरांत एक 'स्नॅप' छापलेला आहे. पीटर आधी स्वतःवर खूश होतो, तिला वर ओढताना. ती गेलेली आहे. नायकाच्या बाजूने हे निर्दय आणि अचूक लिहिलंय: त्याच्याच जाळ्याने, वाचवताना. पण ग्वेनच्या बाजूने वाचा. त्या सबंध प्रसंगात ती बेशुद्ध आहे. एकेकाळची हुशार कॉलेजकन्यका इथे फक्त पडण्याची वस्तू झाली आहे.

आणि मग पुढच्या अंकाचा शेवट. मेरी जेन, तोपर्यंतची नाचरी, कशाचं काही न वाटणारी मुलगी, पीटरला भेटायला येते. तो तिला टाकून बोलतो: तुला कोणाच्या मरणाचं काय? ती दाराकडे जाते. थबकते. चेहरा रडवेला. आणि दार बंद करते, आतून. 'क्लिक'. ती गेलेली नाही, थांबली आहे. एका ओळीचाही संवाद नाही, पण त्या चौकटींनी मेरी जेन कायमची बदलली. त्याच लेखकाने एका अंकात एकीला काहीच दिलं नाही आणि दुसऱ्या अंकात दुसरीला सगळं दिलं. निकाल लिहिताना दोन्ही नोंदवावं लागतं.

'द किलिंग जोक', १९८८, अॅलन मूर आणि ब्रायन बोलंड. जोकर बार्बरा गॉर्डनला, म्हणजे पोलीस आयुक्ताच्या मुलीला, एकेकाळच्या बॅटगर्लला, गोळी घालतो, केवळ तिच्या बापाला वेड लागावं म्हणून. चित्रं अप्रतिम, बांधणी घट्ट, आणि बार्बरा म्हणजे नुसतं निमित्त. पुढे किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी व्हीलचेअरवरच्या त्याच बार्बराला संगणकावरून सगळ्यांना माहिती पुरवणारी 'ओरॅकल' केलं. एका लेखकाने केलेलं कर्ज दुसऱ्यांनी फेडल्याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. फेडलं म्हणून पहिल्याचं कर्ज नव्हतंच असं मात्र होत नाही.

काळाचा दोष आणि लेखकाचा दोष

इथे बहुतेक चर्चा भरकटते. 'तेव्हा असंच होतं' म्हणून सगळं माफ करणारे एका बाजूला, आजची फूटपट्टी लावून सगळं फेकणारे दुसऱ्या. मधला रस्ता आहे, त्याला थोडी माहिती लागते.

आधी बंधनं समजून घ्या. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड ही नियमावली लादून घेतली; ती पाळणाऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर कोडचा शिक्का. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, पोलीस-न्यायाधीशांचा अनादर नको, रक्तपिपासू भुतंखेतं नकोत. पन्नासच्या दशकातला बॅटमन परग्रहवासीयांशी खेळत बसतो त्यामागे हेही एक कारण आहे. त्या काळच्या अंकात खलनायक शेवटी पकडला गेला यावर 'लेखक भाबडा' असा शेरा मारणं अन्यायाचं.

मग बघा, त्याच बंधनांत दुसऱ्या कोणी वेगळं केलं का. १९७१ मध्ये स्टॅन लीने सरकारी आरोग्य खात्याच्या विनंतीवरून अमली पदार्थांविरुद्ध गोष्ट लिहिली, कोडने शिक्का नाकारला, आणि 'अमेझिंग स्पायडरमॅन'चे ९६ ते ९८ हे अंक बिनशिक्क्याचे निघाले. त्याच वर्षी कोड सैल झाला. त्याआधी १९७० मध्ये डेनी ओनील आणि नील अॅडम्स यांनी ग्रीन लँटर्नसमोर एक काळा म्हातारा उभा केला. दूर ग्रहांवरच्या निळ्या, नारिंगी कातडीच्या लोकांसाठी तू धावतोस, आमच्यासाठी काय केलंस, असं तो विचारतो. ग्रीन लँटर्नकडे उत्तर नाही. त्या मालिकेतला बराच उपदेश आज जड जातो, पण हा प्रश्न फक्त ग्रीन लँटर्नलाच विचारता येतो, कारण त्याची नोकरीच अंतराळातली.

सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे तोच लेखक, वीस-तीस वर्षांनंतरचा. फॉकने १९३४ मध्ये मँड्रेक सुरू केला तेव्हा मँड्रेकचा आफ्रिकी साथीदार लोथार बिबट्याचं कातडं पांघरून मोडकं-तोडकं बोलणारा गडी होता. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आला आणि लोथारचे कपडे सुधारले, भाषा सुधारली. वेताळाच्या जंगलाशेजारच्या देशातही साठच्या दशकात लुआगा नावाचा काळा डॉक्टर निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला. तेव्हा खऱ्या आफ्रिकेत एकामागून एक देश स्वतंत्र होत होते. गोऱ्या माणसाने काळ्यांचं रक्षण करायचं ही मूळ गोम त्याने सुटत नाही. पण लेखकाला ती टोचत होती हे दिसतं. म्हणजे वहीत दोन तारखा लिहायच्या. १९३६ चा वेताळ आणि १९६५ नंतरचा वेताळ यांना एकच शेरा देऊ नका.

मुंबईची चाचणी

ही आपल्या सोयीची, इतर शहरांच्या वाचकांना मिळत नाही. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी 'स्पायडरमॅन: इंडिया' ही चार अंकांची मालिका केली. पवित्र प्रभाकर, गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला मुलगा, कमरेला धोतर. वरवर पाहता हा तर भाड्याचाच पोशाख. पण निर्णय शोधा. काही गुंड एका बाईला त्रास देत असतात, तिची हाक ऐकूनही पवित्र निघून जातो. भीमकाका तिला वाचवायला धावतात आणि भोसकले जातात. चोराला जाऊ देण्यापेक्षा हे जास्त बोचतं, कारण भर गर्दीत नजर वळवून पुढे जाणं म्हणजे काय हे इथल्या वाचकाला शिकवावं लागत नाही. इथे लेखकांना पात्र कळलंय.

शक्ती देण्यात मात्र घोळ झाला असं मला वाटतं. पीटरला चावणारा कोळी आंधळा असतो, तो कोणालाही चावला असता. पवित्रला शक्ती देणारा योगी त्याला निवडतो. निवडलेला मुलगा वेगळा आणि अपघाताने सापडलेला वेगळा. पहिल्याला नियती असते, दुसऱ्याला फक्त जबाबदारी. पौराणिक रंग आणायच्या नादात नेमका तो धागा सैल झाला.

जोडीला राज कॉमिक्सचा हिंदी डोगा घ्या, तो मुंबईचाच. उकिरड्यावर सापडलेलं, कुत्र्यांनी राखलेलं मूल, डाकूच्या घरी वाढलेलं. कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदूक, आणि गुन्हेगाराला जिवंत सोडण्याची सवय नाही. त्याच्याबाबत विचारायचा प्रश्न: हा लेखक मारण्याचं समर्थन शहराच्या अवस्थेतून उभं करतो, की मुंबई नुसती पडद्यासारखी मागे टांगलेली आहे? प्रसंग दिल्लीला हलवून पाहा. काही अंकांत काही बिघडत नाही, काहींत गोष्टच कोसळते. दुसऱ्या जातीचे अंक वेगळे काढा.

वहीतला निकाल

निकाल एका परिच्छेदाचा ठेवा आणि 'आवडलं' व 'जमलं' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. एक नमुना देतो. डेअरडेव्हिल (मुखवट्यामागे मॅट मर्डॉक हा आंधळा वकील), अंक २२७ ते २३३, १९८६, लेखन फ्रँक मिलर, चित्रं डेव्हिड मॅझुकेली:

'गुन्हेगारांचा म्होरक्या किंगपिन मॅट मर्डॉकचं घर, काम, मनाचा तोल सगळं काढून घेतो. मुखवटा बदलून पाहिला, गोष्ट चालत नाही: बॉक्सरचा मुलगा, कॅथलिक, पडून उठणं हाच त्याचा धर्म. जमलं. कॅरन पेज, १९६४ पासूनची ऑफिसातली सेक्रेटरी, नशेच्या एका डोससाठी त्याचं गुपित विकते, आणि आपण तिला भेटतो ते थेट विकताना; ती तिथवर कशी घसरली याला पानं दिलेली नाहीत. तिथे जमलं नाही. मॅट तिला जवळ करतो तो निर्णय त्याचाच, किंमतही त्याने मोजलेली. आवडलं, कॅरनचा भाग सोडून.'

एवढं पुरे. असा निकाल लिहिला की आठवडाभर जाऊ द्या आणि मग घरातल्या एखाद्या पोराला तोच अंक द्या, काही न सांगता. त्याला आठवणींचं ओझं नसतं. 'हा असं का करतो?' असं त्याने ज्या पानावर विचारलं, तिथे तुमची पट्टी आहे का ते बघा. नसेल तर ते पान पुन्हा वाचा, कारण लेखकाने गाळलेलं तुमच्या जुन्या ओळखीने भरून निघालेलं असतं.

पुढचा गठ्ठा बांधताना पात्र तेच ठेवा आणि लेखक बदला. शक्य झालं तर तुम्हाला न आवडणारा घ्या.